ओळख आपली, किल्ली दुसऱ्याच्या हाती

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर, सभासदांच्या आग्रहावरून)



या व्यासपीठावर आजवर भाषेबद्दल, शाळांबद्दल, आपल्या हक्कांबद्दल बोलणारी जाणती मंडळी उभी राहिली. आम्ही त्या पंक्तीतले नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली, बँकेत कारकून म्हणून लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे काउंटरमागे बसून माणसे पाहतो आहोत. संगणकाचे तज्ज्ञही आम्ही नव्हे. तेव्हा आज जे सांगणार ते काउंटरवर शिकलेले, आणि थोडे चुकून शिकलेले. ती चूकही सांगणार आहोत.

विषय आहे ओळखीच्या चोरीचा. पैशाची चोरी आपल्याला कळते. दागिना गेला की कपाट रिकामे दिसते. ओळख चोरीला गेली तर घरातली एकही वस्तू हलत नाही. आधार कार्ड पाकिटात असते, पासबुक ट्रंकेत असते, अंगठा हाताला असतो. तरीही कुठेतरी दुसराच माणूस आपण होऊन बसलेला असतो.

आपल्या लोकांना ही गोष्ट नवी नाही. त्यासाठी मराठीत जुना शब्द आहे, तोतया. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे काही वर्षांनी "मीच भाऊ" म्हणणारा एक इसम उभा राहिला. माणसे त्याला मिळाली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली तेव्हा ते प्रकरण मिटले. न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक त्याच प्रकरणावरचे आहे, हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. त्या तोतयाला निदान भाऊंसारखे दिसावे लागले, बोलावे लागले, भाऊंना ओळखणाऱ्या माणसांसमोर उभे राहावे लागले. आजच्या तोतयाला तुमच्यासारखे दिसायचे कारण नाही. तुमचा एक क्रमांक, एक जन्मतारीख आणि एक ठसा त्याला पुरतो, कारण समोर माणूस नसतो, यंत्र असते.

आणखी एक जुनी गोष्ट. पेशवाईतली पत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे की पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब असे. मोर्तब कशासाठी? तर त्याखाली कोणी चार ओळी जास्तीच्या घुसडू नयेत यासाठी. ज्या कुणब्याला लिहिता येत नसे तो दस्तावर नांगराची निशाणी करी. म्हणजे आपली सही, आपली निशाणी कुठे उमटते आणि कुठे संपते याची काळजी आपल्या पूर्वजांनी घेतली होती. आणि आपण? आपण आधार कार्डाच्या झेरॉक्स वाटत हिंडतो. लॉजवर द्या, सिमकार्डाला द्या, सोसायटीच्या वॉचमनला द्या, गॅसवाल्याला द्या. ना तारीख, ना कारण, ना मोर्तब.

आता आपल्याच राज्यातले उदाहरण सांगतो.

अंगठा रबराचा

जून २०१८ मध्ये हैदराबाद पोलिसांनी एका तरुणाला पकडले. पेद्दपल्ली जिल्ह्यातल्या धर्मारम गावात त्याचे सिमकार्डांचे दुकान होते. सिमकार्ड सुरू करायचे तर तेव्हा ग्राहकाचा आधार क्रमांक आणि यंत्रावर बोटाचा ठसा लागत असे. ग्राहक नसताना ठसा आणायचा कुठून? त्याने तो सरकारकडूनच घेतला. तेलंगणाच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जमिनीचे नोंदलेले दस्त पाहता येत होते. त्या खरेदीखतांवर विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे अंगठे, आणि जोडीला आधार क्रमांक. त्याने ते दस्त उतरवून घेतले, ठशांवरून रबरी शिक्का बनवण्याच्या पद्धतीने नकली अंगठे तयार केले, आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार सुमारे ६,००० सिमकार्डे सुरू केली.

हे कशासाठी? कंपनीने दिलेले टार्गेट पुरे करायला. आम्ही बँकवाले, टार्गेट हा शब्द ऐकला की आमच्या पोटात गोळा येतो, म्हणून हे कारण आम्हाला लगेच समजले. पण ज्या शेतकऱ्याच्या नावावर ते सिम निघाले, त्याला काय समजणार? उद्या त्या नंबरावरून कोणी कोणाला फसवले असते तर पोलीस त्याच्याच दारात उभे राहिले असते.

या प्रकरणातली खरी गोम लक्षात घ्या. पासवर्ड चोरीला गेला तर आपण तो बदलू शकतो. कार्ड गेले तर नवे कार्ड मिळते. अंगठा बदलता येत नाही. आपल्या आजोबांच्या वेळी अंगठा हा निरक्षराचा आधार होता. आता शिकल्या-सवरल्यांचाही अंगठा घेतात, आणि तो ज्या कागदावर उमटतो तो कागद कुलपात राहत नाही.

आणि आपल्यासारखी घरे यात जास्त गुंतलेली आहेत. आपण इथे दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांपासून आहोत. कोणाचे काचीगुड्यात वडिलोपार्जित घर, कोणाचा सुलतान बाजारच्या मागे वाडा, कोणाचा शहराबाहेर जुना प्लॉट. वाटण्या झाल्या, वारसनोंदी झाल्या, घरे बिल्डरला दिली. एकेका दस्तावर भाऊ, बहिणी, पुतणे असे आठ-आठ, दहा-दहा जणांचे अंगठे. नव्याने आलेल्या भाडेकरूपेक्षा आपले कागद जास्त, म्हणून आपली काळजीही जास्त.

आमची चूक

आता ती चूक. आमच्याच गल्लीत एक काकू राहतात. नाव सांगत नाही. काका बँकेत नव्हे, रेल्वेत होते. ते गेल्यावर पेन्शन काकूंच्या खात्यात येऊ लागली. एक दिवस काकू पासबुक भरून घ्यायला शाखेत आल्या. पासबुकात चार ओळी अनोळखी होत्या. चार वेगवेगळ्या दिवशी दहा-दहा हजार, एकूण चाळीस हजार रुपये काढलेले. काकूंकडे एटीएम कार्ड नाही, त्यांनी कधी ओटीपी पाहिला नाही, फोनवर कोणाशी बोलल्या नाहीत.

आम्ही नोंद वाचली. पैसे आधार आणि बोटाच्या ठशावर काढले गेले होते. आणि आम्ही त्यांना काय म्हणालो? "काकू, तुम्हीच कोणाला तरी अंगठा दिला असणार. आठवून बघा." रांगेत आठ-दहा माणसे उभी होती. काकू काही बोलल्या नाहीत. पासबुक पिशवीत घातले आणि गेल्या. ज्या बाईंनी आम्हाला लहानपणी चकलीसाठी स्वयंपाकघरात बोलावले, त्यांना आम्ही चारचौघांत खोटे पाडले.

रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः त्यांच्या घरी गेलो आणि सगळे विचारले. तेव्हा तीन गोष्टी कळल्या. पहिली, काही वर्षांपूर्वी त्यांनी दिरांबरोबर एक प्लॉट विकला होता आणि दस्तावर अंगठा व आधार दोन्ही दिले होते. दुसरी, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर काकांचा होता, आणि तो काका गेल्यावर बंद झाला होता, म्हणून पैसे गेल्याचा एकही संदेश त्यांच्यापर्यंत आला नाही. तिसरी, आधारवर पैसे काढण्याची सोय खात्याला आहे हेच त्यांना माहीत नव्हते. ते त्यांना सांगायचे काम कोणाचे होते? आमचे.

पुढे लेखी तक्रार दिली, पोलिसांत नोंद केली, पाठपुरावा केला. पैसे परत यायला सात महिने लागले. ठसा नेमका कुठून गेला हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. पण काकू पहिल्या दिवशी परत गेल्या त्या गेल्याच असत्या, तर ते पैसे कायमचे गेले असते. फसवला गेलेला माणूस आधी घाबरतो, मग लाजतो, आणि लाजेपायी गप्प बसतो. चोराला नेमके तेच हवे असते. म्हणून आज पहिली विनंती अशी की कोणाच्या घरी असे झाले तर "तूच काहीतरी केले असशील" असे म्हणू नका. आम्ही म्हणालो, आणि ते आजही टोचते.

तुकडे जोडणारे

कोणी विचारेल, "आमचे एवढेसे आहे तरी काय? एक फोन नंबर कोणाला कळला तर बिघडते कुठे?" एका तुकड्याने सहसा बिघडत नाही. तुकडे जोडले की बिघडते.

पहा, एका मुलीच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली. त्यात आई-वडिलांची नावे, पत्ता, आजोळचे आडनाव. वाढदिवसाला कोणी फेसबुकवर केक टाकला, वर मेणबत्तीचे आकडे. जन्मतारीख झाली. नोकरीसाठी बायोडाटा दिला, त्यात शाळा, ईमेल, मोबाइल. कुठल्या दुकानात बक्षिसाच्या कुपनावर पॅन लिहून दिला. आता जुन्या बँकेच्या फोनसेवेत ओळख पटवायला काय विचारत, आठवते? आईचे माहेरचे आडनाव. जगभरच्या बँकांना ते गुपित वाटत होते! आपल्याकडे ते गुपित कधीच नव्हते. आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेत, बारशाच्या गाण्यात आणि श्रद्धांजलीच्या मजकुरातसुद्धा माहेरचे आडनाव असते.

२००५ साली पुण्यातल्या एका कॉल सेंटरचे प्रकरण गाजले होते. तिथल्या काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतल्या खातेदारांशी सेवेच्या निमित्ताने बोलताना त्यांचे पिन मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केले. तिथे कुलूप फोडावे लागले नाही. गोड बोलणे पुरले. आज वीस वर्षांनी सोंग बदलले आहे, पण गोड बोलणे किंवा दरडावणे तेच आहे. 'डिजिटल अटक' म्हणून जो प्रकार चालतो त्यात व्हिडिओ कॉलवरचा खोटा पोलीस आधी तुमचेच नाव, तुमचाच पत्ता, तुमचाच आधार क्रमांक वाचून दाखवतो. माणूस तिथेच गळून जातो. याला एवढे माहीत आहे म्हणजे हा खराच पोलीस असणार! मंडळी, भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. आणि आपला आधार क्रमांक कोणाला ठाऊक असणे हा तो सरकारी माणूस असल्याचा पुरावा नाही.

कारण ही माहिती बाजारात विकली जाते. एप्रिल २०२३ मध्ये सायबराबाद पोलिसांनी फरिदाबादच्या एका माणसाला पकडले, त्याच्याकडे २४ राज्ये आणि ८ महानगरांतल्या ६६.९ कोटी व्यक्ती व संस्थांची माहिती असल्याचे जाहीर झाले. त्याच्या थोडेच आधी, मार्चमध्ये, १६.८ कोटी लोकांच्या माहितीची चोरी याच पोलिसांनी उघडकीस आणली होती. तेव्हा या सभागृहातले कोणी त्या यादीत नसेल असे समजू नका. आपण आहोत, असे धरूनच चालायचे.

आणि हा केवळ चोरांचा विषय नाही, राजकारणाचाही आहे. २०१९च्या निवडणुकीच्या तोंडावर आपल्याच शहरातल्या एका कंपनीवर गुन्हा नोंदवला गेला. तिने एका राजकीय पक्षाच्या कार्यकर्त्यांसाठी ॲप बनवले होते. आंध्र आणि तेलंगणातल्या सुमारे ७.८ कोटी लोकांची आधारशी संबंधित माहिती तिच्याकडे असल्याचा आरोप होता. पक्षाने आरोप फेटाळले, आधार प्राधिकरणाने आपल्या यंत्रणेत कोणी शिरलेले नाही असे सांगितले. आम्ही कोणाची बाजू घेत नाही. पण दोन्ही बाजू खऱ्या धरल्या तरी प्रश्न उरतो की मतदाराची एवढी माहिती ज्याच्याकडे जमते तो तिचे काय करील? निवडणूक आली की सगळ्याच पक्षांचे कार्यकर्ते दारात येतात, घरात किती मते, फोन नंबर काय, कोणती योजना मिळते, असे लिहून घेतात. मत द्या, चहा द्या. आधार आणि बँकेचा तपशील देऊ नका, तो आपल्या आवडीच्या पक्षाचा कार्यकर्ता असला तरीही.

कायदा काय म्हणतो

कायदा नाही असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६ क हे ओळखचोरीसाठीच आहे. ते २००८च्या दुरुस्तीने आले आणि २००९ पासून लागू आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. कलम ६६ ड हे संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवण्यासाठी.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. पुढच्या वर्षी २६ सप्टेंबर २०१८च्या निकालाने बँक खाते आणि मोबाइलला आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यानंतर १८ महिन्यांची मुदत दिली गेली. सरकारी गाडीचा वेग आपण जाणतोच. हैदराबादी माणसाचे 'परसों' जसे कधीही येऊ शकते, तसेच हे. म्हणून कायद्याची वाट पाहत बसू नये.

बँकेचा एक नियम मात्र सगळ्यांनी घोटून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने असे ठरले की बँकेचा दोष नसताना आणि तुमचाही दोष नसताना तिसऱ्यानेच पैसे काढले असतील, आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमचे नुकसान शून्य. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित जबाबदारी. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. आणि दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करायचा भार बँकेवर, ग्राहकावर नाही. हे शेवटचे वाक्य त्या दिवशी काउंटरवर आम्हीच विसरलो होतो. नियमांत पुढे बारीकसारीक फेरफार होत राहतात, ते शाखेत विचारा, पण घड्याळ लगेच सुरू होते हे विसरू नका.

घरी गेल्यावर करायचे

आता हाताने करायची कामे. एका रविवारी दुपारच्या जेवणानंतर सगळ्या घराने बसून करावीत. नातवंडे मदत करतील, त्यांना तेवढाच मान.

१. आधारमधला बोटांचा ठसा कुलूपबंद करा. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर बायोमेट्रिक लॉक करण्याची सोय आहे, आणि ती फुकट आहे. गरज पडेल तेव्हा थोड्या वेळापुरते उघडता येते. कुलूप असताना रबरी अंगठाच काय, आपला खरा अंगठाही चालत नाही. म्हणून ज्या ज्येष्ठांना रेशन किंवा हयातीचा दाखला अंगठ्यावर मिळतो, त्यांना उघडायचे कसे तेही शिकवून ठेवा. यासाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. प्राधिकरणाचा मदतीचा क्रमांक १९४७ आहे, स्वातंत्र्याचे साल, विसरता येणार नाही.

२. बँक खात्याचा मोबाइल नंबर तपासा. घरातले कोणी गेले असेल तर त्यांच्या नंबरावर कोणकोणती खाती आहेत ते आधी बदला, मग नंबर बंद करा. शाखेत अर्ज देऊन, आधारवर पैसे काढण्याची सोय नको असेल तर ती बंद करायला सांगा.

३. झेरॉक्स देताना मोर्तब करा. कागदावर आडवे लिहा, "अमुक कामासाठी, अमुक संस्थेला, दिनांक अमुक", आणि त्यावरून सही करा. जिथे पूर्ण क्रमांक लागत नाही तिथे मास्क केलेले आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळूरच्या कार्यालयाने झेरॉक्स देऊ नका असे पत्रक काढले होते, ते दोन दिवसांत मागे घेतले गेले. पत्रक मागे गेले, मास्क केलेल्या आधारची सोय आहे तिथेच आहे.

४. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते पहा. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर ते दिसते, आणि अनोळखी नंबर "माझा नाही" म्हणून कळवता येतो. ही सोय २०२१ मध्ये आधी आंध्र व तेलंगणासाठीच सुरू झाली होती, तरी आपल्यातल्या किती जणांनी ती वापरली?

५. वर्षातून एकदा आपला क्रेडिट अहवाल मागवा. २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. आपल्या पॅनवर कोणी परस्पर कर्ज उचलले असेल तर ते तिथे कळते.

६. व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ नसून 'एपीके' फाइल असेल, तर ती पत्रिका नव्हे, चोर आहे. उघडू नका. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन' असा संपतो का ते पहा, देशातल्या बँकांना आता तोच पत्ता ठरवून दिलेला आहे.

७. फसवणूक झालीच, तर पहिला फोन १९३० वर. मग बँकेत लेखी तक्रार, तिची पोच घ्या. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. आधी नातेवाइकांशी चर्चा आणि मग तक्रार, असा क्रम लावू नका.

आपल्या घरातले दार

सरकारला, बँकेला, कंपन्यांना बोललो. आता आपल्याला बोलायचे आहे, आणि इथे काही जण रागावतील.

आपल्या मंडळाची कुटुंबसूची आहे. सगळ्यांनी ती पाहिली आहे. त्यात कुटुंबप्रमुखाचे नाव, पत्नीचे माहेरचे आडनाव, मुलांच्या जन्मतारखा, मूळ गाव, पत्ता, फोन, नोकरी आणि फोटो. मागल्या वेळी ती गोळा करायला घरोघर फिरणाऱ्यांत आम्हीही होतो. अभिमानाने फिरलो. नंतर कोणीतरी तिची पीडीएफ केली आणि ती गटागटांतून फिरली. आज ती कुठकुठे आहे हे आपल्यापैकी कोणालाही सांगता येणार नाही. वधू-वर मेळाव्याचे फॉर्मही असेच. त्यात तर पगारसुद्धा!

आम्हाला कळते की ही सूची का प्रिय आहे. १ नोव्हेंबर १९५६ला राज्ये वेगळी झाली, मराठवाडा तिकडे गेला, आपण इकडे राहिलो. बदामी पानांवर छापलेल्या या यादीमुळे आपण एकमेकांना सापडत राहिलो. कोणी कुकटपल्लीला गेला, कोणी पुण्याला, कोणी न्यू जर्सीला. सूचीमुळे नाते टिकले. ती बंद करा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तिच्यात काय असावे आणि ती कोणाच्या हाती असावी, एवढेच ठरवायचे आहे.

म्हणून या सभेपुढे चार सूचना ठेवतो.

एक, सूचीत नाव, मूळ गाव आणि वस्ती एवढेच छापावे. जन्मतारीख, माहेरचे आडनाव आणि फोन नंबर मंडळाच्या कार्यालयातल्या एकाच प्रतीत राहावेत, ज्याला हवे त्याने विचारून घ्यावेत. दोन, सूचीची पीडीएफ काढू नये, फिरत असलेली पुढे पाठवू नये. तीन, मेळाव्याचे फॉर्म काम झाल्यावर फाडून नष्ट करावेत, रद्दीत घालू नयेत. चार, नोंदणी विभागाला मंडळाने निवेदन द्यावे की ऑनलाइन दिसणाऱ्या कोणत्याही जुन्या-नव्या दस्तावर ठसे आणि आधार क्रमांक झाकलेले असावेत, आणि तसे आहे की नाही याचे लेखी उत्तर मागावे. निवेदनाचा मसुदा आम्ही करून देऊ, सह्या तुम्ही करा. सहीखाली मोर्तब विसरू नका!

शेवटी एक खुलासा, नाहीतर घरी जाऊन कोणी म्हणेल की अमक्याने कोणालाच काही सांगू नका म्हटले. तसे नाही. जनगणना २०२७ची अधिसूचना निघालेली आहे आणि लोकसंख्या मोजणीचा टप्पा फेब्रुवारी २०२७चा ठरला आहे. त्यात मातृभाषेचा रकाना असतो. तिथे आपल्या प्रत्येक घराने मराठी लिहवून घेतलेच पाहिजे. नातवंडे घरात तेलुगू आणि इंग्रजी बोलत असली तरी आपली मातृभाषा काय ते मोजणाऱ्याला आपणच सांगायचे आहे. १९४८च्या जनगणना कायद्याने ती वैयक्तिक माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. आणि जनगणनेचा माणूस बँकेचा खाते क्रमांक किंवा पिन विचारत नाही. जो विचारेल त्याला ओळखपत्र दाखवायला सांगा आणि दार लोटून घ्या.

आपण कोण आहोत हे मोठ्याने सांगावे. आपल्या कुलपाची किल्ली कुठे आहे ते सांगू नये. या दोन गोष्टींची गल्लत झाली तिथे तोतयाचे फावते.

त्या काकू आज सभेला आल्या आहेत. कुठे बसल्या आहेत ते सांगत नाही. त्यांनी परवानगी दिली म्हणून ही गोष्ट सांगता आली. आम्ही त्यांची माफी मागितली होती ती घरात. रांगेत बोललो होतो, म्हणून आज रांगेसमोर पुन्हा मागतो.

 सूचनांवर चर्चा व्हावी, मतभेद असतील तर ते स्पष्ट मांडावेत, ही विनंती करून थांबतो.